मधल्या सुट्टीत एकटा राहणारा स्वमग्न मुलगा : खेळात सामील होणे कसे शिकवावे?

प्रश्न : भुसावळची आई

नमस्कार. माझा मुलगा नऊ वर्षांचा असून भुसावळमधील एका मराठी माध्यमाच्या शाळेत चौथीत शिकतो. त्याला स्वमग्नता (ऑटिझम) असल्याचे निदान शाळेत जाण्यापूर्वीच झाले होते. वाचन, पाढे, हस्ताक्षर यांबाबत शाळेची तक्रार नाही. अडचण आहे ती चारचौघांत वावरण्याची. आमचे घर स्टेशनापासून जवळ असल्याने गाड्यांचे क्रमांक, त्यांच्या वेळा आणि फलाटावरील उद्घोषणा त्याला तोंडपाठ आहेत. घरी पाहुणा आला की तो प्रथम ‘तुम्ही कोणत्या गाडीने आलात?’ असे विचारतो, आणि पाहुणा एस. टी. ने आलेला असेल तर त्याच्या दृष्टीने बोलण्यासारखे काही उरत नाही.

मधल्या सुट्टीत वर्गातील मुले टेनिसच्या चेंडूने क्रिकेट खेळतात. हा कडेला उभा राहून पाहतो. चेंडू त्याच्याकडे आला की तो उचलतो, त्यावरील पांढऱ्या रेघेवरून बोट फिरवत बसतो आणि परत देत नाही. मग आरडाओरडा होतो आणि हा कान झाकून वर्गात निघून जातो. थेरपीसाठी मी त्याला आठवड्यातून एकदा जळगावला नेते. तेथील बाईंना तो ‘मी तुमच्याबरोबर खेळू का?’ असे स्पष्ट विचारतो. मैदानावर मात्र तेच वाक्य त्याच्या तोंडून निघत नाही, आणि क्वचित निघाले तर मुले हसतात.

घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की, लाडाने बिघडला आहे, थोडा धाक हवा. वर्गशिक्षिका त्याला पहिल्या बाकावर एकटे बसवतात, म्हणजे इतरांना त्रास नको. त्याला नेमके काय आणि कोणत्या क्रमाने शिकवावे, आणि वर्गातील मुलांना त्याच्याविषयी सांगावे की नाही, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : विशेष शिक्षिका, जळगाव

ताई, मुलगा थेरपीच्या खोलीत बोलतो आणि मैदानावर बोलत नाही, याचा अर्थ तो हट्टी आहे किंवा शिकलेले विसरतो असा काढू नये. स्वमग्न मुलांच्या बाबतीत एका ठिकाणी, एका माणसाबरोबर शिकलेली गोष्ट दुसऱ्या ठिकाणी आपोआप पोहोचत नाही, हे या क्षेत्रात काम करणाऱ्या सर्वांना ठाऊक आहे. खोलीत एक शांत, मोठी बाई त्याच्या उत्तराची वाट पाहत थांबलेली असते. मैदानावर गोंगाट असतो, ऊन असते, आणि कोणीही कोणासाठी थांबत नाही. म्हणून कौशल्य जेथे वापरायचे तेथेच ते शिकवले पाहिजे, आणि हे शक्य नसेल तर निदान तेथील मुलांना त्या शिकवण्यात सामील करून घेतले पाहिजे.

दुसरी गोष्ट शिकवण्याच्या वाक्याची. ‘मी तुमच्याबरोबर खेळू का?’ हे आम्हा मोठ्यांना सुचलेले वाक्य आहे. आपण एखाद्या सुट्टीत मैदानाच्या कडेला थांबून पाहा, खेळात नव्याने येणारा मुलगा असे कधीच विचारत नाही. तो काही वेळ खेळाजवळ घुटमळतो, लांब गेलेला एखादा चेंडू आणून देतो, आणि मग ‘मी कोणाकडून?’ असे विचारतो. परवानगी मागणाऱ्याला नकार देणे सोपे असते, ‘मी कोणाकडून?’ या प्रश्नाला बहुधा एखाद्या बाजूचे नावच उत्तर म्हणून येते. मुले हसली ती बहुधा त्या पुस्तकी वाक्याला. तेव्हा आधी त्याच मैदानावरची खरी भाषा टिपून घ्यावी आणि तीच शिकवावी.

क्रमाविषयी विचाराल तर मी चेंडू परत देण्यापासून सुरुवात करीन, कारण भांडण तेथे होते आणि खेळात शिरण्याची वाटही तेथूनच जाते. यासाठी सामाजिक कथा हे साधन उपयोगी पडते. कॅरोल ग्रे या अमेरिकन शिक्षिकेने १९९० च्या दशकाच्या आरंभी ही पद्धत मांडली. मुलाच्याच नजरेतून लिहिलेली ही छोटी गोष्ट असते. तिच्यात परिस्थिती समजावून सांगणारी वाक्ये ही सूचना देणाऱ्या वाक्यांच्या किमान दुप्पट असावीत, असा तिचा दंडक आहे. आपल्याकडे लिहिल्या जाणाऱ्या अशा गोष्टींत नेमके उलट होते आणि त्या नियमावली होऊन बसतात. आपल्या मुलासाठी मी साधारण अशी लिहीन :

‘मधल्या सुट्टीत मुले क्रिकेट खेळतात. कधी कधी चेंडू माझ्याकडे येतो. चेंडूवरची रेघ पाहायला मला आवडते. चेंडू माझ्या हातात असला की खेळ थांबतो आणि मुले वाट पाहतात. मी चेंडू बॉलिंग करणाऱ्या मुलाकडे टाकण्याचा प्रयत्न करीन. घरी माझा स्वतःचा चेंडू आहे. त्याची रेघ मी हवा तितका वेळ पाहू शकतो.’

शेवटची दोन वाक्ये गाळू नका, आणि तसा चेंडू घरी खरोखरच आणून ठेवा. त्याच्या आवडीची गोष्ट काढून घेतली जात नाही, फक्त तिची जागा बदलते, हे त्याला कळले पाहिजे. गोष्ट शाळेत जाण्यापूर्वी, तो शांत असताना वाचावी. भांडण झाल्यावर शिक्षा म्हणून वाचून दाखवू नये.

वर्गातील मुलांबद्दल आपण विचारले आहे, आणि माझ्या मते तोच मुख्य मुद्दा आहे. कॉनी कसारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सर्वसाधारण शाळांत शिकणारी सहा ते अकरा वर्षांची ६० स्वमग्न मुले होती. काही मुलांना मोठ्या माणसाने स्वतंत्रपणे कौशल्ये शिकवली. काहींच्या बाबतीत त्यांच्या वर्गमित्रांना, एकट्या राहणाऱ्या मुलाशी कसे जोडून घ्यावे, हे शिकवले. वर्गाच्या मैत्रीच्या जाळ्यातील मुलाचे स्थान दुसऱ्या पद्धतीत अधिक सुधारले. आपल्याकडे मात्र सगळा पैसा आणि वेळ पहिल्या पद्धतीवर जातो, कारण तिची फी आकारता येते. मी स्वतः याच व्यवसायात आहे, म्हणून हे स्पष्ट लिहिण्याचा मला अधिकार आहे असे समजते.

उत्तर : जिल्हा परिषद शिक्षक, शहादा तालुका

वरील बाईंचे म्हणणे मला पटते. शाळेच्या बाजूने काही भर घालतो.

स्वमग्न मुलासाठी क्रिकेट हा खेळ फार अवघड आहे, कारण शाळेच्या मैदानावरील क्रिकेटमध्ये खेळण्यापेक्षा वाद जास्त असतात. बाद की नाबाद, एक टप्पा धरायचा की नाही, भिंतीला लागले तर किती धावा, हे सगळे रोज नव्याने ठरते आणि जो मोठ्याने बोलेल त्याच्यासारखे ठरते. खो-खोमध्ये पाठीवर अचानक थाप पडते. स्पर्श सहन न होणाऱ्या मुलाला ती मार वाटते. आंधळी कोशिंबीर तर टाळावीच. उलट तळ्यात-मळ्यातमध्ये एकच माणूस बोलतो, नियम दोनच असतात आणि ते बदलत नाहीत. शिवाय आपल्या मुलाला उद्घोषणा येतात असे आपण लिहिले आहे. त्यालाच पुकारा करू द्या. माझ्या वर्गातील अशाच एका मुलीला मी पुकारा करण्याचे काम दिले, तेव्हा तिने ‘तळ्यात’ आणि ‘मळ्यात’ यांच्यामध्ये इतका वेळ श्वास रोखून धरला की अख्खा वर्ग एका पायावर डोलत उभा राहिला, आणि ती हसली. त्यानंतर मुलेच तिला बोलवू लागली.

येथे एक सावधगिरी हवी. अशा मुलाला कायमचा गुण मोजणारा किंवा साहित्य सांभाळणारा करून ठेवण्याची शाळांना सवय असते. दिसायला तो खेळात असतो, प्रत्यक्षात खेळाबाहेरच राहतो. पुकारा करण्याची पाळी सर्वांवर यावी. त्याच्यावर ती आधी यावी, एवढेच.

वर्गाला सांगण्याबाबत माझे मत असे आहे की, निदानाचे नाव सांगावे की नाही हे सर्वस्वी पालकांनी, आणि मूल समजत्या वयाचे असेल तर त्याला विचारून, ठरवावे. शिक्षकाने परस्पर सांगू नये. परंतु नाव न घेताही पुष्कळ सांगता येते. ‘त्याला मोठा आवाज टोचतो, म्हणून तो कान झाकतो, तो रागावलेला नसतो.’ ‘त्याला उत्तर द्यायला थोडा वेळ लागतो, तेवढे थांबा.’ चौथीची मुले हे लगेच समजतात. दोन-तीन समंजस मुले निवडून त्यांना ठरावीक काम द्यावे : सुट्टी झाली की त्याला नावाने हाक मारायची, खेळ दाखवून समजवायचा, तो नाही म्हणाला तर आग्रह करायचा नाही. या मुलांवर सुट्टीचा सगळा भार टाकू नये, पाळ्या बदलत्या ठेवाव्यात, अन्यथा मैत्रीची ड्यूटी होते. वर्गशिक्षिकेने पहिल्या बाकावर बसवायला हरकत नाही, पण एकट्याला नव्हे.

आपल्या भागातील आणखी एक बाब. उन्हाळा तापू लागला की आपल्याकडे शाळा सकाळची होते. मधली सुट्टी, पोषण आहार, घरी जाण्याची वेळ, सगळे एका दिवसात बदलते, आणि मुलगा ‘अचानक बिघडला’ अशी तक्रार घरी येते. बदलाची तारीख त्याच्यासोबत कॅलेंडरवर आधीच खूण करून ठेवावी आणि नवे वेळापत्रक त्याला लेखी द्यावे. गाड्यांचे वेळापत्रक पाठ असणाऱ्या मुलाला शाळेचे वेळापत्रक नक्कीच आवडेल.

उत्तर : शिरपूरचे वडील

माझा मुलगा आता दहावीत आहे, म्हणून दोन गोष्टी सांगतो, ज्या लहान वयात कोणी सांगत नाही.

पहिली बोलीची. आमच्या घरी आणि गल्लीत अहिराणी ही खानदेशी बोली चालते. थेरपीमध्ये मुलगा जे शिकला ते सगळे प्रमाण मराठीत, तेही बातम्या वाचल्यासारखे. गल्लीतल्या पोराने ‘कथा जाई ऱ्हायना रे भो?’ (कुठे चालला आहेस रे भाऊ?) असे विचारले की हा गप्प, कारण या प्रश्नाचा सराव कोणी करून घेतलेलाच नव्हता. घरातील चुलत भावंडांना आम्ही सरावाला बसवले, तेव्हा फरक पडू लागला. त्याच्यासाठी एकच भाषा ठेवा असा सल्ला आम्हाला पुष्कळांनी दिला. मला तो पटला नाही, कारण ज्या भाषेत आजी बोलते ती भाषा बंद केली की आजीशी असलेले नातेही तुटते.

दुसरी गोष्ट ‘नाही’ म्हणण्याची. आपण या मुलांना नमस्कार कर, हात मिळव, ऐक, गप्प बस, एवढेच शिकवतो. मोठ्यांचे ऐकणारा मुलगा शहाणा ठरतो. पुढे आठवी-नववीत वर्गातील टवाळ मुले त्याला सांगतात, ‘जा, सरांना असे म्हण,’ आणि तो जाऊन शिवी देऊन येतो, कारण त्याला मित्र हवे असतात आणि सांगितले की करायचे हे त्याला शिकवलेले असते. माझ्या मुलाच्या बाबतीत हे घडले आणि शाळेने शिक्षा त्यालाच केली. तेव्हापासून घरी आम्ही दोन प्रकारच्या हसण्याचा सराव करतो : सगळे हसतात आणि मलाही बरे वाटते, ते एक, सगळे हसतात आणि माझ्याकडे पाहतात, ते दुसरे. दुसरे असेल तर तेथून निघायचे आणि ठरलेल्या एका शिक्षकाला सांगायचे. कोणी अंगाला हात लावला आणि आवडले नाही तर ‘नको’ हा शब्द मोठ्याने म्हणायचा, मग तो माणूस नात्यातला का असेना. लग्नात, कानबाईच्या रोटांच्या (आमच्याकडील देवीच्या सणाच्या) दिवशी घर भरलेले असते, येणारा प्रत्येक जण गाल ओढतो. आम्ही त्याला लांबून हात जोडायला शिकवले आणि पाहुण्यांना सांगितले की त्याचा नमस्कार एवढाच. चार लोक नाराज झाले, तर झाले.

धाकाविषयी : धाकाने मुलगा गप्प बसतो. गप्प बसणे हा तर आपला मूळ प्रश्न होता.

उत्तर : स्वमग्न प्रौढ, धुळे

मी स्वतः स्वमग्न आहे. शाळेत असताना मला कोणी तसे म्हटले नाही. नोकरी लागल्यानंतर निदान झाले. वरील उत्तरे चांगली आहेत, परंतु त्या सर्वांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती म्हणजे मुलाला खेळायचे आहे. ताई, त्याला तसे विचारले आहे का? बोलून सांगता येत नसेल तर तीन चित्रे द्या : मुलांसोबत खेळणे, जवळ उभे राहून पाहणे, वर्गात एकटे बसणे. रोजची निवड त्याला करू द्या आणि काही दिवस ती लिहून ठेवा. तो रोज पाहतो म्हणजे त्याला खेळायचेच आहे, असे नसते. मला स्वतःला क्रिकेट पाहायला आवडत असे आणि खेळण्याची भीती वाटत असे. सकाळपासून तीन-चार तास गोंगाट, गणवेशाची टोचणारी कॉलर आणि पन्नास मुलांचे बोलणे सोसल्यावर मधल्या सुट्टीत एकटे बसणे ही कित्येकदा गरज असते.

नजरेला नजर देण्याचा आग्रह कोणी धरत असेल तर तो थांबवावा. समोरच्याच्या डोळ्यांत पाहायला लावले की माझे सगळे लक्ष त्या डोळ्यांवर खर्च होते आणि बोलणे ऐकू येत नाही. जमिनीकडे पाहत असताना मी नीट ऐकत असतो. मुलाला इतकेच शिकवावे की, ‘मी ऐकतो आहे’ असे म्हणता येते, किंवा मान हलवता येते.

डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या ब्रिटिश संशोधकाने २०१२ मध्ये असे मांडले की, स्वमग्न आणि इतर माणसे यांच्यातील गैरसमज दुतर्फी असतो. आम्हाला तुमचे कळत नाही तसे तुम्हालाही आमचे कळत नाही, फक्त शिकवणी एकालाच लावली जाते. पुढे २०२० मध्ये कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी प्रौढांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला अशी गोष्ट सांगत जायची होती. सर्व स्वमग्न असलेल्या साखळीत गोष्टीचा तपशील सर्व इतरांच्या साखळीइतकाच टिकला; मिश्र साखळीत तो अधिक गळाला. ‘कौशल्यच नाही’ हे विधान या निष्कर्षापुढे टिकत नाही.

यावरून मी असे सुचवीन की, वर्गातील तीस-चाळीस मुलांत त्याला बसवण्याचा प्रयत्न करण्याआधी गाड्या आवडणारे एक मूल शोधा. भुसावळात ते सापडणार नाही असे होणार नाही. दोघे मिळून गाड्यांची वही करतील, पुलावरून मालगाडीचे डबे मोजतील. गप्पा मारणे, पाळी देणे, दुसऱ्याचे ऐकून घेणे, हे सगळे त्यात येते, आणि ते कोणाला शिकवावे लागत नाही.

आणि घरी आल्यावर तो चिडत असेल, रडत असेल, तर शाळेत तो दिवसभर ‘चांगला वागला’ याची ती किंमत असू शकते. इतरांसारखे दिसण्याचा प्रयत्न फार थकवतो. शाळेतून आल्याबरोबर ‘आज कोणाशी बोललास?’ असे विचारू नका.

भुसावळची आई

सर्वांचे मनापासून आभार. चित्रांची कल्पना मी लगेच वापरणार आहे, कारण हा प्रश्न मी त्याला खरोखर कधी विचारला नव्हता. घरी जादा चेंडू आणला असून त्याने तो रेल्वेच्या वह्यांजवळ ठेवला आहे. एक अडचण अशी की, मुख्याध्यापकांशी बोलल्यावर त्यांनी ‘आधी दिव्यांग प्रमाणपत्र आणा, मग पाहू’ असे उत्तर दिले. आमचे प्रमाणपत्र अद्याप झालेले नाही. तोपर्यंत शाळेकडे काहीच मागता येत नाही का?

विशेष शिक्षिका, जळगाव

मागता येते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये नमूद केलेल्या २१ दिव्यांगत्वांत स्वमग्नतेचा समावेश आहे, आणि कलम १६ नुसार सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी समावेशक शिक्षण देणे व मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोयी करणे अपेक्षित आहे. किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची अट अन्य लाभांसाठी असते. उदाहरणार्थ, कलम ३१ मधील सहा ते अठरा वर्षांपर्यंतच्या मोफत शिक्षणाच्या हक्कासाठी. सुट्टीत तळ्यात-मळ्यात खेळवण्यासाठी, शेजारी एक मूल बसवण्यासाठी आणि वेळापत्रक आधी लिहून देण्यासाठी कोणत्याही टक्केवारीची गरज नाही.

प्रमाणपत्र मात्र करून घ्याच, पुढे परीक्षेतील सवलतींसाठी ते लागते. यूडीआयडीच्या (दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या) संकेतस्थळावर अर्ज करून जिल्हा रुग्णालयात तपासणी होते. तेथे स्वमग्नता मोजण्यासाठी इसा (ISAA) ही भारतीय मापनश्रेणी वापरतात. तिच्यात ४० मुद्दे असून प्रत्येकाला एक ते पाच गुण असतात, आणि ७० पासून पुढे स्वमग्नता धरली जाते. डॉक्टर आपल्यालाच बरेच प्रश्न विचारतील, म्हणून मुलाच्या रोजच्या वागण्याची उदाहरणे लिहून न्या, नाहीतर त्या पाच मिनिटांत नेमके काही आठवत नाही.

दरम्यान मुख्याध्यापकांना एक पानी अर्ज द्या आणि पोचेची प्रत घ्या. त्यात निदानाचा कागद जोडून तीनच मागण्या लिहा : बाकावर सोबती, सुट्टीतील एका खेळाची देखरेख, आणि वेळेतील बदलाची आगाऊ सूचना. आपल्या तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समग्र शिक्षा योजनेतील समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. त्यांना शाळाभेटीसाठी याच अर्जात विनंती करता येईल. आणि धुळ्याच्या दादांनी सुचवलेले गाड्या आवडणारे मूल सापडले तर त्यालाच बाकावरचा सोबती म्हणून मागा.